वाळणे आणि मरणे

वैशाख उतरणीस लागला म्हणजे आमच्या सफाळ्यात घरोघरच्या गच्च्यांवर व अंगणांत जुनी लुगडी अंथरली जातात, आणि त्यांवर वर्षाची बेगमी ऊन खात पडते. पापड, कुरडया, सांडगे, आमसुले, मिरच्या, आणि एका कोपऱ्यात पुन्हा एकदा ऊन दाखविण्यास काढलेले भाताचे बियाणे. कावळे हाकण्याचे काम घरातील वडीलधाऱ्या व बिनकामाच्या माणसाकडे येते; म्हणजे अर्थातच आमच्याकडे. यंदा आमच्या सोबतीस आमचा नातू होता. त्याने विचारले, "आजोबा, हे भात इतके वाळले, तरी ते मेले नाही कशावरून?"

प्रश्न साधा, पण आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. पस्तीस वर्षे शाळेत मुलांस प्रश्न विचारण्यात गेली. त्यामुळे उत्तर येत नसेल तेव्हा चष्मा पुसण्याची कला आम्हांस अवगत आहे. परंतु या प्रश्नाने आमची एक जुनी जखम उघडी केली. ती वाचकांपुढे ठेवल्यावाचून पुढील विवेचन करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमच्या परसात शेंदऱ्या नावाचा एक रायवळ आंबा होता. आमच्या आजीने तो लावला होता. फळ लहान, रेषाळ, पण रस असा की हापूसचा अभिमान धरणाऱ्या पाहुण्यांनीही वाटी पुढे करावी. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गेले, त्या दिवशी दुपारी हा वृक्ष मुळासकट आडवा झाला. पडलेल्या झाडावर फळे होती. ती उतरवून घेतली, पिकविली, आणि शेवटचा रस काढून झाल्यावर निघालेल्या कोयींपैकी चाळीस आम्ही वंशरक्षणार्थ स्वतःच्या हाताने धुऊन ठेवल्या.

परसातील गडग्याचे काम त्या वर्षी व्हावयाचे होते. म्हणून कोयी पुढील मृगात लावाव्या असे आम्ही ठरविले. घरातून सूचना झाली, "अहो, कोय ओली आहे तोवरच लावायची असते. ठेवायची नसते." यावर आम्ही एक छोटेसे व्याख्यान दिले. वाळविलेली वस्तू टिकते, भाताचे बी टिकते, तुरीचे टिकते, तेव्हा आंब्याचेही टिकलेच पाहिजे, असा आमचा न्याय. कोयी आम्ही उन्हात खडखडीत वाळविल्या, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात भरल्या, आणि डब्यावर चिठ्ठी डकविली. पुढील ज्येष्ठात त्या चाळीसही कोयी लावल्या. एकही उगवली नाही. चिठ्ठी मात्र अजून शाबूत आहे.

आमचा न्याय कोठे चुकला, हे समजून घेण्यासाठी आम्ही त्यानंतर पुष्कळ वाचन केले. आज जे लिहीत आहोत ते त्या प्रायश्चित्ताचे फळ समजावे.

अमरकोशात पाण्याच्या नावांमध्ये 'जीवन' हे एक नाव दिलेले आहे. कोशकाराने यात अतिशयोक्ती केलेली नाही. प्राण्याची अथवा वनस्पतीची पेशी म्हणजे पाण्याने भरलेली एक सूक्ष्म कोठी. तिच्या भोवतीचे आवरण स्निग्ध द्रव्याच्या दोन पदरांचे असते, आणि ते पदर नीट राहतात ते पाण्याच्या आधाराने. आत हजारो प्रकारची प्रथिने विशिष्ट घड्या घालून आपापली कामे करीत असतात. त्या घड्याही पाण्यामुळेच टिकतात. पाणी गेले म्हणजे ओल्या वहीची पाने वाळताना परस्परांस चिकटावी तशी आवरणे चिकटतात, प्रथिनांच्या घड्या विस्कटतात व त्यांचे गोळे होतात. अशा पेशीवर पुन्हा पाणी घातले तर ती जिवंत होत नाही, नुसती भिजते. बहुतेक सर्व सृष्टीची हीच कथा आहे. भाजीवालीच्या टोपलीतील कोमेजलेली मेथी पाणी शिंपडून ताजी होते. पूर्ण वाळलेली मेथी होत नाही.

मग आमच्या या भागात, जेथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत शंभर इंचांच्या आगेमागे पाऊस कोसळतो आणि पुढे आठ महिने जवळजवळ थेंब पडत नाही, तेथे जीव तगतात कसे? विचार करता तीन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग दडून बसण्याचा. बेडूक मातीत शिरतो, गोगलगाय शंखाचे तोंड पातळ पडद्याने मिटून निजते. दुसरा मार्ग साठविण्याचा. निवडुंग अंगात पाणी भरून ठेवतो; सुरणाचा कंद भूमिगत कोठार होऊन बसतो; आणि पहिल्या पावसाबरोबर बाजारात येणारी शेवळे, ज्यांची भाजी काकड घालून आपल्याकडे आवडीने होते, तीही अशाच कंदातून वर येतात. सावरीसारखी झाडे पाने टाकून पाण्याचा खर्च कमी करतात. ही एक प्रकारची काटकसरच. या दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. बाहेर कितीही कोरडे असो, आतील पेशी ओलीच राहिली पाहिजे, अशी ही धडपड आहे. आत कोरड शिरली की यांचाही अंत होतो.

तिसरा मार्ग थोड्यांचा, आणि तोच आजचा विषय होय. हे जीव पाणी जाऊ देतात. पूर्ण वाळतात, श्वासोच्छ्वास जवळजवळ थांबवितात, आणि पाणी येईपर्यंत जिवंत की मृत हे बाहेरून कोणासही सांगता येऊ नये अशा अवस्थेत राहतात.

याचे उदाहरण पाहण्यास लांब जावे लागत नाही. नातवास घेऊन आम्ही विहिरीच्या कठड्याकडे गेलो. पावसाळ्यात ज्यावर हिरवी मखमल असते, त्या कठड्यावर वैशाखात काळपट खरबरीत पापुद्रे दिसतात. त्यांतील एक तुकडा बशीत ठेवून नातवाने त्यावर पळीभर पाणी घातले. आम्ही घड्याळ लावून बसलो. पाच-सात मिनिटांत मिटलेली बारीक पाने उलगडू लागली आणि काळ्या पापुद्र्यातून हिरवा रंग डोकावला. नातू ओरडला, "आजोबा, हे झोपले होते!" आम्ही म्हटले, "बाळ, झोपलेला श्वास तरी घेतो. याचे तेही जवळजवळ थांबले होते."

स्वयंपाकघरातील मसाल्याच्या डब्यातही या कुळातील एक सभासद असतो. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे फूलही नव्हे आणि दगडाचा अंशही नव्हे. बुरशी व हिरवे शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी घर बांधते, शैवाल सूर्यप्रकाशात अन्न शिजविते. दगडावर अथवा झाडाच्या सालीवर हा संसार उन्हात पार वाळतो आणि दवाने किंवा पावसाने पुन्हा सुरू होतो. भातखाचरांत उन्हाळ्यात मातीवर जी काळसर पापडी दिसते, तीतही नीलहरित शैवालांच्या काही जाती अशाच सुप्तावस्थेत असतात. ही शैवाले हवेतील नत्र धरून भातास पुरवितात, हे प्र. कु. डे या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३९ साली दाखवून दिले. म्हणजे आपल्या ताटातील भात काही अंशी या वाळून न मरणाऱ्यांचा ऋणी आहे.

या जीवांचा शोध तसा जुना. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक यास भिंगांचा छंद होता. १७०२ साली त्याने घराच्या पन्हळीतील वाळलेला गाळ घेतला, त्यावर पाणी घातले, आणि काही वेळाने त्यात सूक्ष्म प्राणी पोहू लागलेले पाहिले. शेवाळात राहणारा आठ पायांचा एक अतिसूक्ष्म प्राणी आहे. १७७३ साली गोत्झे या जर्मन पाद्र्याने त्यास 'पाणअस्वल' असे नाव दिले. २००७ साली ही वाळलेली पाणअस्वले यानातून पृथ्वीबाहेर पाठविली, निर्वात अवकाशात उघडी ठेवली, आणि परत आणून भिजविल्यावर त्यांतील काही चालू लागली. १९५९ साली केलिन या शास्त्रज्ञाने या अवस्थेस एक नाव दिले; त्याचा अर्थ 'गुप्तजीवन' असा होतो. आम्हांस हा शब्द फार समर्पक वाटतो. जीवन गेलेले नाही, फक्त अव्यक्त झालेले आहे.

परकीय उदाहरणांनी दिपून जाण्याचे कारण नाही. पुण्यास १९४६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथील संशोधकांनी पश्चिम घाटातील कातळ व अरण्ये धुंडाळून वाळून पुन्हा जगणाऱ्या वनस्पतींची यादी केली. पूर्वी अशा नऊच जाती ठाऊक होत्या. त्यांच्या यादीत ६२ आहेत. त्यांपैकी १६ भारताबाहेर आढळत नाहीत, आणि १२ तर पश्चिम घाटातील कातळांवाचून अन्यत्र नाहीत. या वनस्पती पेशीतील ९५ टक्क्यांपर्यंत पाणी गमावूनही पावसाबरोबर पुन्हा हिरव्या होतात. त्यांत झाडाच्या खोडावर वाढणारे एक बारीक गवतही आहे.

आषाढी एकादशीस देव निजतात व कार्तिकीस उठतात अशी आपली समजूत. या वनस्पतींचे पंचांग याच्या उलट आहे. देव निजतात तेव्हा या जाग्या होतात, आणि देव उठले म्हणजे या निजतात.

आता मुख्य प्रश्न. हे साधते कसे? शास्त्रज्ञांचे उत्तर आपल्या गृहिणींस चटकन् समजेल, कारण ते पाकाचे आहे. पाणी कमी होऊ लागताच असा जीव आपल्या पेशींत साखर साठवू लागतो. वनस्पतींत बहुधा आपली नेहमीची साखर, तर पुष्कळ सूक्ष्म प्राण्यांत व किण्वात ट्रेहॅलोज नावाची तिची बहीण असते. पाणी जाता जाता या साखरेचा पाक घट्ट होत जातो. शेवटी तो काचेसारखा कडक होतो. चिक्कीतील शेंगदाणे जसे जेथल्या तेथे पक्के बसतात, हलत नाहीत, परस्परांवर घासत नाहीत, तशी पेशीतील प्रथिने व आवरणे या काचेत जागच्या जागी धरून ठेवली जातात. पाणी आले की चिक्की विरघळते आणि प्रत्येक दाणा आपल्या कामास लागतो. साखरेच्या जोडीस काही विशेष प्रथिनेही असतात; ती १९८१ साली सरकीच्या बियांत प्रथम ओळखली गेली. बी पक्व होण्याच्या अखेरच्या काळात ती विपुल तयार होतात आणि इतर प्रथिनांचे गोळे होऊ देत नाहीत.

हिरव्या पानास आणखी एक धोका असतो. पाणी नसतानाही हरितद्रव्य सूर्यप्रकाश झेलीतच राहते, आणि त्या शक्तीचा उपयोग करता येत नसल्याने ती पानालाच जाळते. म्हणून काही वनस्पती पाने मिटून घेतात, तर काही आपले हरितद्रव्य स्वतःच मोडून ठेवतात व पावसात पुन्हा उभारतात. परगावी जाताना दिवे मालवून, भांडी पालथी घालून कुलूप लावणाऱ्या शहाण्या गृहिणीची ही रीत आहे.

या सर्वांत आम्हांस महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की, या तयारीस वेळ लागतो. यांतील पुष्कळ जीव हळूहळू वाळले तर जगतात, आणि एकाएकी वाळविले तर मरतात. तसेच वळवाची एखादी चुकार सर येऊन लगेच कडक ऊन पडले, तर शेवाळाचे हित न होता अहितच होते. जागे होण्याचा व डागडुजीचा खर्च होतो आणि कमाईस वेळ मिळत नाही. तेव्हा जगविते ते वाळणे नव्हे. वाळण्यापूर्वी केलेली तयारी जगविते.

येथे आमच्या चाळीस कोयींचा निकाल लागतो. १९७३ साली रॉबर्ट्स या इंग्रज शास्त्रज्ञाने बियांचे दोन वर्ग केले. भात, गहू, तूर, मूग यांचे बी झाडावर असतानाच साखर व ती विशेष प्रथिने भरून घेते, आपले आपण वाळते, आणि मग मातेपासून सुटते. त्याची निरवानिरव झालेली असते. आंबा, फणस, जांभूळ यांचे बी मात्र ओले असतानाच खाली पडते. त्याचे वाढणे थांबलेलेच नसते. त्यास थांबण्याची आवश्यकता कधी पडलीच नाही, कारण ही फळे पिकून पडतात ती पावसाच्या तोंडावर. पडावे आणि रुजावे, एवढेच त्यास ठाऊक. अशा बीस वाळविणे म्हणजे प्रवासाची तयारी न करताच एखाद्यास घराबाहेर काढण्यासारखे आहे. आठळ्या वाळवून भाजीसाठी ठेवता येतात, पण पेरण्यासाठी ठेवता येत नाहीत, हे आपल्या आज्यांस ठाऊक होते. आम्ही संस्कृत शिकलो, हे शिकलो नाही.

उलट, तयारीने वाळलेल्या बीचे आयुष्य ऐकून थक्क व्हावे. चीनमधील एका वाळलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे कमळाचे बी शास्त्रज्ञांनी रुजविले. ही हकिकत १९९५ साली प्रसिद्ध झाली. तरीही हे अमरत्व नव्हे. उष्णता व दमट हवा वाळलेल्या बीसही हळूहळू झिजवितात. बियाण्यातील ओलावा दर शेकडा एकाने कमी केला तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा एक ठोकताळा आहे. भाताचा दाणा दाताखाली कटकन् तुटला पाहिजे हा शेतकऱ्याचा आग्रह, शेणाने लिंपलेली कणगी, बियाण्यात घातलेली राख, या सर्वांमागे हेच शास्त्र आहे. गोवराच्या लशीची वाळलेली पूड कुपीतून येते आणि टोचण्यापूर्वी तीत पाणी मिसळतात, हे सूनबाईंनी पाहिले असेल. अशा वाळविलेल्या लशींत साखरेची योजना केलेली असते, तीही याच कारणासाठी.

एका गोष्टीविषयी मात्र आम्हांस काळजी वाटते. आमच्या गावाजवळ तांदूळवाडीचा गड आहे. उन्हाळ्यात वर गेले तर खडकात खोदलेली टाकी सोडता सर्वत्र तापलेला काळा कातळ दिसतो. असा कातळ म्हणजे सात-बाराच्या भाषेत पोटखराबा, आणि लोकांच्या भाषेत ओसाड. सातारा जिल्ह्यातील कासचे पठारही वैशाखात असेच ओसाड दिसते. परंतु २०१२ साली जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत त्याचा समावेश झाला. सह्याद्रीच्या सड्यांवरील पाणथळ डबक्यांत पावसाळ्यात कोळंबीसारखे नाजूक पारदर्शक जीव पोहताना दिसतात. त्यांची अंडी उरलेले महिने वाळलेल्या धुळीत पडून असतात. त्यांतील एका जातीच्या नावात सह्याद्रीचेच नाव गोवलेले आहे. जेथे काही नाही असे आपण समजतो, तेथे ते आहे, वाळून आहे. उन्हाळ्यात पाहणी करून भूमी निर्जीव ठरवावी व तेथे सुरुंग लावावा, हे आम्ही कोयींच्या बाबतीत केले त्याच्या नेमके उलट असले, तरी चूक एकाच जातीची आहे. आम्ही जिवंत बी वाळवून मारले. येथे वाळलेल्या जिवंतास मेलेले समजून मारतात. दोहींचे मूळ न विचारता निर्णय देण्यात आहे.

हा लेख येथेच संपावयाचा, परंतु एक गोष्ट सांगावयाची राहिली. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे लावणीस येणारी वारली समाजातील एक वृद्ध बाई ओसरीवर चहा घेत होती. बोलण्यात शेंदऱ्याचा विषय निघाला. ती हसून म्हणाली, "मास्तर, त्या वादळाचे आंबे तुम्ही आम्हाला पण दिले होते ना? पोरांनी खाल्ले, कोयी उकिरड्यावर टाकल्या. एक उगवली आहे. माझ्या खांद्याला लागते आता."

आम्ही दुसऱ्याच दिवशी पाड्यावर जाऊन ते झाड पाहून आलो. कोयीच्या झाडास आईसारखेच फळ धरेल असा नेम नसतो, आणि फळ धरेपर्यंत आणखी काही वर्षे जातील. तोवर आम्ही असू किंवा नसू. परत आल्यावर आम्ही सर्व हकिकत घरात सांगितली. घरातून एवढाच प्रश्न आला, "आणि तो डबा? तो आता मिरच्यांना घेऊ का?"

डबा दिला. वाचकांसही आमचे सांगणे इतकेच, की यंदा रसाच्या जेवणानंतर चांगल्या आंब्याच्या दोन कोयी त्याच आठवड्यात मातीत घालाव्या, आणि मुलांस कठड्यावरील शेवाळाचा एक काळा पापुद्रा बशीत भिजवून दाखवावा. कोणते बी थांबू शकते व कोणते थांबू शकत नाही, हे त्यांस लहानपणीच कळलेले बरे. आमच्यासारखे निवृत्तीनंतर कळून उपयोग नाही.